पिवळ्या पट्टीची वाट

अंधेरीहून कुर्ल्याकडे जाणारा रस्ता आणि पवईकडे निघणारा साकी विहार मार्ग जेथे एकमेकांस मिळतात, ते ठिकाण म्हणजे मुंबईच्या उपनगरांतील साकीनाका. सकाळी नऊच्या सुमारास या नाक्यावर येणाऱ्या माणसास दिसते त्यापेक्षा ऐकूच अधिक येते. रिक्षांचे भोंगे, फेरीवाल्यांच्या हाका, आसपासच्या गाळ्यांतील यंत्रांची घरघर, डोक्यावरून जाणाऱ्या मेट्रोचा खडखडाट आणि विमानतळाच्या दिशेने उतरणारे एखादे विमान. या साऱ्या आवाजांची एक जाड भिंतच तेथे उभी असते. डोळस माणूस या गर्दीतून कसाबसा मार्ग काढतो. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला आवाज हाच मोठा आधार. आणि येथे तर आवाजांचीच गर्दी!

या नाक्यावर पांढरी काठी हाती घेतलेला एक प्रवासी येतो, असे मानावे. त्याचे नाव-गाव येथे महत्त्वाचे नाही. असे प्रवासी या शहरात पुष्कळ आहेत. त्याला अंधेरीस कचेरीत जावयाचे आहे. तो मेट्रोच्या स्थानकावर चढतो आणि त्याच्या काठीचे टोक जमिनीवरील एका उंचवट्याला लागते. तेथपासून त्याची चाल बदलते. इतका वेळ चाचपडत पडणारी पावले आता सरळ, ठाम पडू लागतात. कोणाचा हात न धरता, कोणास काही न विचारता तो फलाटापर्यंत पोहोचतो. गर्दीतील बहुतेकांच्या हे ध्यानातही येत नाही. ज्या वस्तूच्या आधाराने तो चालला, तीवर पाय देऊन शेकडो लोक रोज जातात. परंतु ती तेथे कशासाठी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ती वस्तू म्हणजे फरशीत बसविलेली पिवळी पट्टी. जवळून पाहिले असता तिच्यात दोन प्रकारच्या लाद्या आढळतात. काहींवर लांबट, समांतर उंचवटे असतात, तर काहींवर गोल टिकल्या. लांबट उंचवट्यांचा अर्थ 'या दिशेने पुढे चला' असा आणि टिकल्यांचा अर्थ 'थांबा, सावध व्हा' असा. वाट जेथे वळते, जिना जेथे सुरू होतो, फलाट जेथे संपतो, तेथे टिकल्यांच्या लाद्या लागतात. काठीच्या टोकाला आणि बुटाच्या तळव्यालाही हा भेद कळतो. पट्टीचा रंग पिवळा का, असाही प्रश्न कोणास पडेल. दृष्टिहीन म्हणविल्या जाणाऱ्या अनेकांना अगदीच दिसत नाही असे नसते. काहींना अंधूक दिसते, आणि करड्या फरशीवर पिवळा रंग अशा अंधूक दृष्टीलाही उठून दिसतो.

ही युक्ती जपानात निघाली. सेइइची मियाके या गृहस्थाच्या एका मित्राची दृष्टी हळूहळू जात होती. मित्राला रस्त्यावर निर्धास्तपणे हिंडता यावे, म्हणून मियाके यांनी १९६५ साली उंचवट्यांच्या या लाद्या तयार केल्या. आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरातील अंधशाळेजवळच्या एका रस्त्यावर त्या प्रथम बसविण्यात आल्या. तेथून त्या जगभर पसरल्या. वर्सोवा ते घाटकोपर हा मुंबईचा पहिला मेट्रोमार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. ११.४ किलोमीटर लांबीच्या या मार्गावर १२ स्थानके आहेत आणि मरोळ नाका व असल्फा यांच्या मध्ये साकीनाका आहे. एका मित्राच्या काळजीतून जन्मलेली लादी अशा रीतीने साकीनाक्यास येऊन पोहोचली.

परंतु येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ओकायामा येथील लादी स्नेहापोटी बसली. साकीनाक्याची लादी तशी बसलेली नाही. कोणा धनिकाला दया आली म्हणून ती आली नाही, की स्थानक बांधणारा कोणी विशेष मायाळू होता म्हणूनही नाही. सार्वजनिक वाहतुकीची ठिकाणे सर्वांना वापरता येतील अशी असावीत, असे देशाचा कायदा सांगतो, म्हणून ती तेथे आहे. दया आणि कायदा यांतील हे अंतर तुटायला आपल्याकडे पुष्कळ वर्षे लागली.

साकीनाक्याच्या आसपास लहान-लहान कारखान्यांचे गाळे आहेत. पत्रा कापणारी, ठसे मारणारी, साचे ओतणारी यंत्रे तेथे दिवसभर चालतात. अशा यंत्रात हात सापडला तर कामगाराचे काय, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. हा कायदा पुढे जवळजवळ शंभर वर्षे चालला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली तेव्हा तीत विलीन झाला. त्याला जोडलेले एक कोष्टक होते. कोणता अवयव गेला असता माणसाची कमाईची शक्ती किती टक्क्यांनी घटली असे धरावे, हे त्यात आकड्यांनी लिहिलेले असे. दुरुस्तीनंतरच्या कोष्टकात अंगठ्याचे ३० टक्के होते, संपूर्ण तर्जनीचे १४ टक्के, आणि दोन्ही हात गेले तर १००. वाचताना अंगावर काटा येतो. तथापि त्या काळी हा कायदा म्हणजे मोठेच पाऊल होते. तोपर्यंत हात गमावलेल्या कामगाराला मालकाने हातावर काही ठेवले तर ठेवले, नाही तर त्याने आपल्या नशिबाला दोष द्यावा, अशी स्थिती होती. कायद्याने त्याला मागण्याचा अधिकार दिला. मात्र माणसात काय उणे झाले एवढेच हा कायदा मोजत असे. भरपाई घेऊन घरी बसलेल्या त्या माणसाला पुन्हा काम कोण देणार, बसमध्ये तो कसा चढणार, याविषयी तो मौन होता. आणि जो जन्मतःच अपंग होता, किंवा ज्याला आजाराने अपंगत्व आले होते, त्याच्यासाठी त्या कोष्टकात जागाच नव्हती.

ही उणीव मुंबईत काही कनवाळू आणि कर्तबगार माणसांनी आपल्या परीने भरून काढली. फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीवर उपचार करताना अशा मुलांसाठी देशात सोय किती तोकडी आहे, हे त्यांना कळून चुकले. आणि १९४७ साली त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९५२ साली 'नॅब' या नावाने ओळखली जाणारी अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था मुंबईतच स्थापन झाली, आणि १९५५ साली हाजीअलीजवळ अपंगांच्या उपचारांसाठी व पुनर्वसनासाठी केंद्र शासनाची संस्था सुरू झाली. या कामांचे मोल कमी नाही. परंतु जेथे अशी संस्था होती तेथे सोय झाली. जेथे नव्हती तेथील मूल घराच्या ओटीवर बसून राहिले. त्याच्या बापाला कोणत्याही कचेरीत जाऊन 'माझ्या मुलाचे हे तुमच्याकडे येणे आहे' असे म्हणता येत नव्हते.

हे म्हणता येण्याचा दिवस यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. अपंग नागरिकांनी स्वतःच संघटित होऊन मागणी लावून धरली आणि डिसेंबर १९९५ मध्ये संसदेने अपंग व्यक्तींना समान संधी व हक्कांचे संरक्षण देणारा कायदा संमत केला. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. त्याने सात प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. पुढे १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या विषयावर एक करार स्वीकारला. भारताने त्यावर ३० मार्च २००७ रोजी सही केली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला त्यास मान्यता दिली. या कराराने एक विचार जगापुढे ठेवला. जिन्यापुढे चाकांची खुर्ची अडते, तेव्हा दोष केवळ पायांचा मानायचा की जिन्याचाही? शरीरातील उणीव आणि भोवतालचे अडथळे या दोहोंच्या गाठीतून माणसाची अडवणूक होते, असे हा करार म्हणतो. पायांवर नेहमीच इलाज असतो असे नाही. जिन्यावर मात्र असतो.

या विचाराला धरून आपला सध्याचा कायदा झाला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ या नावाने तो ओळखला जातो आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. सातांऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वे त्यात आली. बुटकेपणा, स्वमग्नता, वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमता, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांसारखे रक्ताचे आजार, कंपवात, आम्लहल्ल्यात झालेली इजा, या साऱ्यांना त्याने जागा दिली. ज्यांचे अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी नाही अशांना त्याने काही विशेष हक्क दिले आहेत. अशा प्रत्येक मुलाला ६ ते १८ वर्षे या वयात मोफत शिक्षण मिळाले पाहिजे. उच्च शिक्षणाच्या सरकारी व अनुदानित संस्थांत पाच टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा त्यांच्यासाठी राखल्या पाहिजेत. शाळेने अपंग मुलाला इतर मुलांबरोबर शिकू दिले पाहिजे, हे तर टक्क्यांचा विचार न करताही बंधनकारक आहे. कायदा मोडणाऱ्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड होतो. तोच पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. चारचौघांत एखाद्या अपंग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान करणाऱ्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. शाळेच्या पटांगणात कोणाच्या चालण्याची नक्कल करून हसणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

मधल्या काळात शब्दही बदलले. पूर्वी 'लुळा', 'पांगळा', 'मुका' हे शब्द सर्रास वापरले जात. पुढे 'अपंग' हा शब्द रूढ झाला, आणि आता शासनाच्या कागदोपत्री 'दिव्यांग' असे म्हणतात. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागच स्थापन केला. नवा शब्द काहींना आवडतो, काहींना आवडत नाही; आमच्या अंगात दिव्य असे काही नाही, आम्हांला फक्त जिन्याशेजारी उतार हवा, असे म्हणणारेही आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे वाटत नाही.

२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. इतक्या लोकांपर्यंत कायद्याचे शब्द पोहोचतात ते एका कागदाच्या वाटेने. तो कागद म्हणजे अपंगत्वाचा दाखला. त्यासाठी अर्ज करावा लागतो, नंतर सरकारी रुग्णालयात डॉक्टरांचे मंडळ तपासणी करते आणि अपंगत्वाचे प्रमाण टक्क्यांत ठरविते. दाखल्याबरोबर सर्व देशात चालणारे एक ओळखपत्र मिळते. त्यावरून पुढील वाटा उघडतात. १९८१ पासून केंद्र शासनाच्या एका योजनेतून कुबड्या, श्रवणयंत्रे, तीनचाकी सायकली, पांढऱ्या काठ्या अशी साधने देण्यात येतात. राज्य परिवहनाच्या एस.टी. गाडीत भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. मुंबईच्या लोकलगाडीत अपंगांसाठी वेगळा डबा असतो. आणि तो फलाटावर कोठे थांबेल हे न पाहता कळावे, म्हणून अनेक स्थानकांवर त्या जागी 'पीं पीं' असा आवाज करणारे यंत्र लावलेले असते. ज्यांना कमाईचे साधन नाही आणि ज्यांचे उत्पन्न ठरविलेल्या मर्यादेत आहे, त्यांना १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा साहाय्य मिळते. ही रक्कम २०२३ साली १५०० रुपये झाली. दिव्यांगांसाठी ती २५०० रुपये करण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२५ साली घेतला. एवढ्यात मुंबईत महिना कसा काढावा, हा प्रश्न आहेच. शिवाय रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला दाखल्यासाठी रुग्णालयात घालविलेला प्रत्येक दिवस म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी असते, हेही विसरता येत नाही.

परीक्षेच्या वेळीही कायदा सोबत असतो. ज्याला हाताने लिहिता येत नाही किंवा प्रश्नपत्रिका वाचता येत नाही, त्याला लेखनिक घेता येतो. केंद्र शासनाच्या २०१८ सालच्या सूचनांप्रमाणे अशा परीक्षार्थ्यास दर तासामागे किमान २० मिनिटे अधिक मिळावयास हवीत. म्हणजे तीन तासांच्या पेपराला चार तास. ही मेहेरबानी आहे असे काही मुलांना वाटते. परंतु उत्तर दुसऱ्याला सांगावयाचे, त्याने ते लिहावयाचे, ते पुन्हा ऐकावयाचे आणि चूक असेल तर दुरुस्त करून घ्यावयाचे, यात जाणारा वेळ मोजून पाहिला तर तो एक तास काही फार मोठा वाटत नाही.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि पुढील शिक्षणासाठी दिल्लीस गेल्या. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या संगणकाच्या साहाय्याने त्यांनी संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास केला. २०१५ च्या परीक्षेत त्यांचा क्रमांक ७७३ वा आला. रेल्वेच्या लेखा सेवेसाठी त्यांचे नाव लागले, परंतु दृष्टी पूर्णपणे गेलेली असल्याच्या कारणावरून ती नोकरी त्यांना नाकारण्यात आली. राखीव जागा कायद्यात होत्या, गुण पदरात होते, तरी दार बंद झाले. दुसरी कोणी असती तर खचली असती. प्रांजल पाटील पुन्हा परीक्षेस बसल्या आणि २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये केरळची राजधानी तिरुवनंतपुरम येथे त्यांनी उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रे हाती घेतली. त्यांचे कौतुक देशभर झाले, ते रास्तच होते. तथापि असे प्रत्येकाला दुप्पट झुंजावे लागू नये, याचसाठी तर कायदा केलेला असतो.

टक्क्यांचा जुना घोळही अजून पुरता मिटलेला नाही. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला बोलण्याची अडचण होती. दाखल्यावर त्याचे अपंगत्व ४० टक्क्यांहून काही थोडे अधिक होते. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागावी तर अपंगत्व ४० टक्के वा अधिक हवे. आणि त्याच वैद्यकीय शिक्षणाचा नियम सांगे की, वाचेचे अपंगत्व ४० टक्के वा अधिक असेल तर तो विद्यार्थी डॉक्टर होण्यास अपात्र! कमी असले तर जागा नाही, पुरेसे असले तर पात्रता नाही. हे कोडे घेऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने डॉक्टरांचे दुसरे मंडळ नेमून या मुलाला वैद्यकीय शिक्षण झेपेल काय, एवढेच पाहण्यास सांगितले. मंडळाने झेपेल असे कळविले. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालपत्रात न्यायालयाने लिहिले की, केवळ टक्क्यांच्या आकड्यावरून कोणास अपात्र ठरविता येणार नाही. त्या माणसाला काय करता येते, हे पाहिले पाहिजे. १९२३ च्या कोष्टकाला मिळालेले हे जणू शतकानंतरचे उत्तर होते.

रस्त्यांचा आणि इमारतींचा प्रश्नही असाच न्यायालयात गेला. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्याजोग्या कराव्यात, अशी मागणी एका दृष्टिहीन नागरिकाने २००५ साली सर्वोच्च न्यायालयात केली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितले की, सुगम्यतेची मापे ही नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही. त्यांतील किमान मापे सर्वांवर बंधनकारक केली पाहिजेत. ही मापे फार अवघड नाहीत. चाकांच्या खुर्चीला किमान ९० सेंटिमीटर मोकळी वाट लागते. पायरीच्या जागी उतार करावयाचा तर प्रत्येक एक फूट उंचीला बारा फूट लांबी ठेवावी. त्याहून खडा उतार असला तर खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना ती आवरत नाही.

मुंबईत याच मापांवरून एक प्रकरण उभे राहिले. पदपथांवर दुचाकी चढू नयेत म्हणून महापालिकेने अनेक ठिकाणी पदपथांच्या तोंडाशी खांब रोवले. हेतू चांगला होता. पायी चालणाऱ्यांचे रक्षण व्हावे हाच. परंतु काही ठिकाणी दोन खांबांतील अंतर इतके कमी राहिले की, दुचाकीबरोबर चाकांची खुर्चीही अडली. जन्मापासून खुर्ची वापरणाऱ्या एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाने २०२३ साली त्या पत्राचीच जनहित याचिका करून घेतली आणि महापालिका व राज्य शासन यांना जाब विचारला. एका माणसाचे एक पत्र, आणि एवढ्या मोठ्या शहरातील खांबांची मापे तपासण्याची वेळ आली! न्यायालयाची पायरी चढावयाची नसेल, तर कायद्याने दुसरी वाटही ठेवली आहे. प्रत्येक राज्यात दिव्यांगांसाठी आयुक्त असतो. महाराष्ट्राच्या आयुक्तांची कचेरी पुण्यास आहे. हक्क डावलला गेल्याची तक्रार त्यांच्याकडे करता येते, आणि चौकशीसाठी साक्षीदारास बोलावण्याचा व कागदपत्रे मागविण्याचा अधिकार त्यांना दिवाणी न्यायालयासारखाच असतो.

संध्याकाळी पांढऱ्या काठीचा तो प्रवासी साकीनाक्यास परत येतो. फलाटापासून खालच्या दारापर्यंत पिवळी पट्टी त्याच्या सोबतीला असते. दाराबाहेर मात्र नाक्याचे राज्य सुरू होते. हातगाड्या, उभ्या केलेल्या दुचाकी, कोठे उखडलेली लादी, कोठे खणलेला खड्डा. काठीच्या टोकाला रोज नवे काही लागते. तो क्षणभर थांबतो. शाळेतून घरी जाणारा एक मुलगा ते पाहतो, धावत येतो आणि त्याचा काठीचा हातच धरून त्याला ओढू लागतो.

"बाळ, काठी सोड," प्रवासी हसून म्हणतो. "ती माझे डोळे आहे. तू माझ्या पुढे अर्धे पाऊल चाल आणि मला तुझा कोपर धरू दे. म्हणजे तू वळलास की मला आपोआप कळेल."

मुलगा ओशाळतो आणि कोपर पुढे करतो. दोघे चालू लागतात.

"काका, आता पदपथ संपला," थोड्या वेळाने मुलगा सांगतो. "पुढे उतरायचे आहे. चांगले वीतभर उंच आहे."

"वीतभर म्हणजे नऊ इंच," प्रवासी काठीने कड चाचपून म्हणतो. "मला तर उतरता येईल. पण खुर्चीवाला माणूस येथे आला तर? त्याला उतार किती लांब लागेल, सांग पाहू. फुटाला बारा फूट, असा हिशेब धर."

मुलगा मनात गुणाकार करतो. "नऊ फूट, काका."

"आणि येथे नऊ फूट मोकळी जागा आहे का रे?"

मुलगा मागे वळून पदपथाकडे पाहतो. कडेपासून चार पावलांवर एक दुचाकी आडवी उभी असते आणि तिच्या मागे विटांचा ढीग पडलेला असतो. ढीग बाजूला केला, तर जागा पुरेशी आहे, असे त्याला दिसते. आणि तसे तो सांगतो.